काळकुशी

नोंदवहीत सात रकाने आहेत.
पहिला : वाणाचे स्थानिक नाव.
फुलझेलाबाई नन्नावरे ढोलीत कंबरेपर्यंत वाकलेली,
आतूनच म्हणाली, "कायकुशी."
मी लिहिलं, काळकुशी.
पेनातून ळ आपोआप आला, शाळेतला.

दाण्याच्या टोकाला काळं कुसळ,
विझवलेल्या काडीसारखं.
दुसरा रकाना : हेक्टरी उत्पन्न.
"हेक्टर कोनाकडे हाये गावात?"
तिच्या तीन बांध्या. धुऱ्यावर तूर,
तुरीच्या आडोशाला अंबाडी,
आणि धान उभं असतानाच त्याच्या पायाशी, ओल्या चिखलात
मुठीनं फेकलेली लाखोळी.
तणाचा रकाना रिकामाच राहिला.
मी ज्याला ज्याला तण म्हणालो, ती भाजी निघाली :
कुंजर, पातूर, तरोटा.
"फवारा मारला का जेवन मरते, भाऊ."

बियाणे साठवण्याची पद्धत?
मी राख, कडुनिंब असं काही लिहायला घेतलं होतं.
ती म्हणाली, "घरात ठेवलं का बी म्हातारं होते.
लोकायच्या वावरात ठेवाव."
नेरीच्या नणंदेकडे दोन पायल्या,
शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मंदोदरीकडे एक.
पैसे नाहीत. नेलं तेवढं आणायचं, वर अर्धं,
आणि पहिली पेज तिच्या ओट्यावर बसून प्यायची.
हे कुठल्या रकान्यात बसेना,
समासात लिहिलं.

कार्तिकात रानडुकरं आली.
एका रात्रीत तिन्ही बांध्या लोळवून गेली.
वनरक्षकानं पंचनामा केला, त्याच्याही कागदाला रकाने :
पीक, धान. नुकसान, इतके किलो.
कोणतं धान, याला जागा नव्हती.
नणंदेनं दुकानातलं बी धरलं होतं दोन सालांपासून.
मंदोदरीच्या पोरानं उरलेलं पोहे करून खाल्लं.
मी काळकुशीपुढे पेन्सिलीनं लिहिलं : नष्ट?

फुलझेलाबाई काही बोलली नाही.
खुरांच्या खड्ड्यांत ओल टिकली होती,
तिथं लाखोळी जरा जास्तच हिरवी आली.
तिची कोवळी पानं खुडून तिनं भाजी टाकली.
मला वाटी दिली. लसूण भरपूर.

चैत्रात एक माणूस सायकल ढकलत आला.
मोडकू ठेंगरी, वैनगंगेच्या त्या पारचा.
नणंदेच्या व्याह्यानं मूठभर दिलं होतं म्हणे,
चार सालांआधी, लग्नात, रुमालाच्या गाठीत.
तो ओट्यावर दुपट्टा सोडून म्हणाला,
"हे तुमचा बी आय. कारकुशी."

तिनं एक दाणा दाताखाली धरला.
कट्.
मग ओंजळभर कांडलं, चूल पेटवली, पेज केली.
आम्ही दोघं गप्प.
तिनं वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली.
"मीठ कमी हाये."
बऱ्याच वेळानं :
"आपलंच हाये. त्या पारचं पानी प्यालं,
म्हनून बोलनं बदललं त्याचं."

आता पहिल्या रकान्यात काय लिहू?
इकडे काय, तिकडे कार.
माझ्या ळनं तर त्याला कधी कुणी हाकच मारली नाही.
मोडकू दुसरी वाटी मागतो.
मी खोडरबर फिरवतो, नष्ट जातं,
प्रश्नचिन्हाचा वण कागदावर राहतो.

"तुमाले बांधी हाये का, भाऊ?"
मी म्हणतो, सासऱ्याची आहे. पडीत. तळ्याखालची.
ती पायली उचलते, काठोकाठ भरते,
हातानं सारखी करत नाही.
माझी पिशवी लहान पडते.
नोंदवही बाहेर काढून काखेत धरावी लागते.